तीनशेचे साडेचारशे

इतिहास म्हटला की आमच्या नगरच्या माणसाला भुईकोट किल्ला, चांदबीबी आणि फार तर मलिक अंबर आठवतो. (कागदोपत्री आता अहिल्यानगर झाले आहे, पण माझ्या वयाच्या माणसाच्या तोंडात नगरच बसले आहे, सांभाळून घ्यावे.) आज मात्र मी एका निराळ्याच वस्तूचा इतिहास लिहायला घेतला आहे. ती वस्तू म्हणजे संगणकातला मदरबोर्ड, आणि त्यातही 'ओव्हरक्लॉकिंग'ला चालणारा मदरबोर्ड. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या निवृत्त मास्तराने या भानगडीत का पडावे, असे नातेवाईक विचारतीलच. त्याचे उत्तर असे की या वस्तूला चांगला चाळीस वर्षांचा इतिहास आहे, त्यात सत्ता आहे, पळवाटा आहेत, बंदी आहे आणि सामान्य माणसाने काढलेला मार्गही आहे. इतिहासाच्या मास्तराला यापेक्षा जास्त काय पाहिजे?

आधी ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते पाहू. शाळेतली लेझीम आठवा. हलगीवाला ठेका धरतो आणि त्या ठेक्यावर शंभर मुले एकदम पाय टाकतात. संगणकातही अशी एक हलगी असते. ती मदरबोर्डावर असते आणि सेकंदाला कोट्यवधी ठोके देते. प्रोसेसर, मेमरी, हार्डडिस्क ही सगळी मंडळी त्या ठेक्यावर आपापले काम करतात. प्रोसेसर जास्त चपळ असल्याने बोर्डाच्या एका ठोक्यात तो तीन, चार, साडेचार पावले टाकतो. या आकड्याला गुणक म्हणायचे. बोर्डाचा ठेका गुणिले गुणक म्हणजे प्रोसेसरचा वेग. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा हलगी जलद वाजवायची किंवा गुणक वाढवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. लेझीमसारखेच येथेही होते. एका मर्यादेपर्यंत सगळे साथ देतात, मग कोणाचा तरी पाय चुकतो.

आता कोणी म्हणेल, कंपनीने ३०० लिहिले असेल तर तो ३०० नेच चालणार ना? येथेच सगळी गंमत आहे. सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून शेकडो प्रोसेसर कापले जातात. सगळे सख्खे भाऊ. त्यांची परीक्षा घेतली जाते आणि ज्याला जेवढा वेग झेपेल तसा त्याच्यावर शिक्का बसतो. पण कारखान्याचा हात बसला की जवळजवळ सगळेच भाऊ वरच्या वर्गात पास होऊ लागतात. बाजाराला मात्र स्वस्त माल जास्त हवा असतो. मग वरच्या वर्गातल्या प्रोसेसरवरही खालचा शिक्का मारून तो स्वस्तात विकला जातो. म्हणजे शिक्का ही कंपनीने दिलेली हमी असते, त्या प्रोसेसरची मर्यादा नव्हे. 'एवढे तर हा करीलच' इतकेच तो शिक्का सांगतो. त्यापुढे तो काय करील हे बघायचे असेल तर ते आपल्या जबाबदारीवर, आणि ते बघू द्यायचे की नाही हे ठरवतो मदरबोर्ड.

हा खेळ फार जुना आहे. आयबीएमने १९८४ साली 'एटी' नावाचा संगणक काढला. त्याचा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चाले आणि ठेका देणारा क्वार्ट्झचा स्फटिक १२ मेगाहर्ट्झचा होता. तो स्फटिक खोबणीत बसवलेला असल्याने हौशी लोकांनी तो उपसून तेथे १६ चा बसवला, की संगणक ८ वर पळू लागला! आयबीएमला हे रुचले नाही. नंतरच्या यंत्रांत त्यांनी वेग तपासणारी सोय बायोसमध्येच घालून टाकली. पळवाट आणि बंदोबस्त यांचा सामना तेव्हापासून सुरू झाला तो अजून संपलेला नाही.

१९९२ च्या सुमारास ४८६ डीएक्स२ बरोबर गुणक आला, १९९३ साली पेंटियम आला. (पुण्यात जन्मलेले विनोद धाम हे पेंटियमच्या घडणीतले मोठे नाव. पुढे तेच एएमडीच्या के६ च्याही कामात होते.) या काळातल्या बोर्डांवर जंपर असत. दोन बारीक खिळ्यांवर घालायची प्लास्टिकची टोपी. टोपी एका जागेवरून दुसऱ्या जागी बसवली की ठेका बदलला. त्यातून एक वाईट धंदाही निघाला. काही व्यापारी कमी वेगाच्या प्रोसेसरवरचा आकडा खरवडून वरचा आकडा छापत आणि तो महाग विकत. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे. १९९८ च्या सुमारास इंटेलने गुणकाला कुलूप घातले त्याचे एक कारण हे सांगितले जाते. आता गुणक हलणार नाही, उरली फक्त बोर्डावरची हलगी. म्हणून बोर्ड महत्त्वाचा झाला.

याच वेळी तैवानच्या 'अबिट' कंपनीने एक काम केले. टोप्या काढून टाकल्या आणि ठेका व व्होल्टेज दोन्ही बायोसच्या पडद्यावरून बदलता येतील अशी सोय केली. तिला त्यांनी सॉफ्टमेनू नाव दिले. त्यांचा १९९८ चा 'बीएच६' हा बोर्ड आणि इंटेलचा 'सेलेरॉन ३००ए' हा प्रोसेसर यांची जोडी या इतिहासात अजरामर आहे. हा सेलेरॉन ऑगस्ट १९९८ मध्ये आला, किंमत १४९ डॉलर. त्याच दिवशी आलेल्या पेंटियम २ च्या ४५० मेगाहर्ट्झवाल्या मोठ्या भावाची किंमत होती ६६९ डॉलर. सेलेरॉनचा गुणक साडेचार, ठेका ६६. म्हणून तीनशे. पण बीएच६ वर इंटेलचाच ४४०बीएक्स चिपसेट होता आणि तो १०० च्या ठेक्यासाठीच बनवलेला होता. ठेका १०० केला की साडेचार गुणिले शंभर, झाले साडेचारशे!

आणि याच्यातली खरी खुबी बघा. ठेका ६६ वरून ८३ केला तर अनेक बोर्डांवर हार्डडिस्क आणि कार्डे यांच्याकडे जाणारा ठेका ३३ ऐवजी ४१ च्या पुढे जाई, कारण तो मूळ ठेक्याला दोनने भागून मिळे. १०० केला की तीनने भाग जाई आणि पुन्हा बरोबर ३३ येत. म्हणजे मोठी उडी सुरक्षित आणि लहान उडी धोक्याची. एकट्या प्रोसेसरने जोर लावायचा आणि बाकीच्यांना आपल्या चालीने चालू द्यायचे, ही सोय ज्या बोर्डात असेल तो चांगला. ही कसोटी मला फार आवडते.

हे सगळे मला कोणी शिकवले? माझ्याच एका विद्यार्थ्याने. प्रवरेच्या पट्ट्यातल्या उसाच्या घरातला मुलगा. गणितात बरा, इंग्रजीत यथातथा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याने नगरला चितळे रोडच्या बाजूला एका गाळ्यात संगणक जोडून द्यायचा धंदा सुरू केला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून माल आणायचा. मदरबोर्डाचा खोका मांडीवर घेऊन एसटीने यायचा, कारण वर टपावर टाकला तर धक्क्यांनी काय होईल सांगता येत नाही. संध्याकाळी शाळा सुटली की मी त्याच्याकडे टेकायचो. तो मला मोडके पीसीबी दाखवून शिकवायचा आणि मी त्याला इंग्रजी मॅन्युअलमधले शब्द शब्दकोशात शोधून द्यायचो. गुरू कोण आणि शिष्य कोण हे ठरवणे अवघड होते.

त्याचे एक वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. गिऱ्हाइके नेहमी प्रोसेसरचा आकडा विचारत आणि बोर्डात पैसे वाचवत. तेव्हा तो म्हणाला, "सर, बैल कितीबी तगडा असू द्या, आख कच्चा असला तर उसाची भरलेली गाडी वाटंतच बसती. लोक बैल बघत्यात, आख कोन बघतंय?"

त्या वेळी सगळ्यांना अबिट परवडत नव्हता. साध्या बोर्डात ठेका बदलायची सोयच नसे. मग त्याने एक युक्ती ऐकली आणि करून पाहिली. त्या काळचा सेलेरॉन एका पट्टीवर बसवलेला असे आणि ती पट्टी बोर्डाच्या फटीत खोचायची. तिच्या कडेला सोनेरी रेघा असतात, त्यातली 'बी२१' ही रेघ झाकली की बोर्डाला वाटते हा १०० च्या ठेक्याचा प्रोसेसर आहे. झाकायची कशाने? चिकटपट्टीने किंवा नेलपॉलिशने! बहिणीची बाटली आणून त्याने तो एक थेंब लावला. पडद्यावर साडेचारशेचा आकडा उमटला तेव्हा त्या गाळ्यात आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पण पडद्यावर आकडा उमटणे म्हणजे पास होणे नव्हे. हे त्यानेच मला पुढे दाखवले. त्याच्याकडे एका दूध संस्थेच्या बिलांचे काम असे. दर दहा दिवसांनी प्रत्येक गवळ्याचे लिटर, फॅट आणि रक्कम. त्याने एका साध्या बोर्डावर ८३ चा ठेका ठेवला होता. यंत्र बंद पडत नव्हते, कुरकुर करत नव्हते. फक्त एके रात्री बिलाच्या फाइलीत काही आकडे भलतेच दिसू लागले. वहीशी ताडून पाहिले म्हणून कळले, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी घरी दुधाचे पैसे कमी गेले असते. रात्रभर जागून त्याने बिले पुन्हा केली आणि ते यंत्र ६६ वर नेऊन ठेवले. "खेळायचं यंत्र येगळं आन् लोकांच्या पैशाचं यंत्र येगळं," एवढेच म्हणाला. यंत्र वेगात चुकले तर ते ओरडत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यानंतर तो प्रत्येक यंत्र 'प्राइम९५' या प्रोग्रॅमवर रात्रभर चालवून मगच घरी द्यायचा. हा प्रोग्रॅम खरे म्हणजे प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. गणित एका दाण्याने चुकले तरी तो सांगतो, म्हणून जगभरच्या ओव्हरक्लॉकर मंडळींनी त्याला परीक्षक नेमला.

पुढचा काळ एएमडीचा. २००० साली आलेल्या ड्युरॉन आणि अॅथलॉन प्रोसेसरच्या पाठीवर बारीक पुलांची एक रांग होती. ते पूल तुटलेले असत, म्हणजे गुणकाला कुलूप. शिसपेन्सिलीने त्या तुटलेल्या पुलांवर रेघ ओढली की ग्राफाइटमधून वीज वाहू लागे आणि कुलूप उघडे! मास्तर माणसाला याहून आनंदाची गोष्ट कोणती? २००३ मध्ये 'बार्टन' जातीच्या अॅथलॉन एक्सपी २५००+ चा ठेका १६६ वरून २०० केला की तो वेगात ३२००+ च्या बरोबरीला येई. दोघांचाही गुणक अकराच. मात्र त्यासाठी एनफोर्स२ चिपसेटचा चांगला बोर्ड लागे. पुन्हा बोर्डच.

याच सुमारास बोर्डांवर एक साथ आली. होय, साथच म्हणायचे. साधारण १९९९ ते २००७ या काळात अनेक कंपन्यांच्या बोर्डांवरचे कपॅसिटर वेळेआधीच फुगत, फुटत आणि तपकिरी द्रव गाळत. आतले रसायन सदोष होते. माझ्या स्वतःच्या संगणकाचाही बोर्ड (कंपनीचे नाव घेत नाही) दोन उन्हाळ्यांत गेला. कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे. नगरचा मे महिना चाळिशी ओलांडतो. त्यात २००५ नंतरच्या वर्षांतले भारनियमन आणि वीज आली की व्होल्टेजचा हेलकावा! परदेशी मासिकातले प्रयोग वीस अंशांच्या खोलीत केलेले असतात. पंखा आणि हीटसिंक कितीही भारी असले तरी ते खोलीपेक्षा गार करू शकत नाहीत. म्हणजे आमच्याकडचा माणूस वीस-बावीस अंशांची उधारी घेऊनच खेळायला उतरतो. हे त्या पुस्तकांत लिहिलेले नसते.

थोडे गणित करू. प्रोसेसरची उष्णता ठेक्याच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा ठेका २० टक्के वाढवला आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेज १.२ चे १.३५ केले. तर उष्णता २० टक्के नव्हे, सुमारे ५२ टक्के वाढते. आणि ही वीज येते कोठून? बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी १२ व्होल्टचे सव्वा व्होल्ट करणारा एक भाग असतो. १२० वॅटचा प्रोसेसर १.२ व्होल्टवर चालला तर १०० अँपिअर प्रवाह लागतो. आपल्या घरातला गिझरचा जाड प्लग १६ अँपिअरचा असतो, त्यावरून कल्पना करा. हा भाग म्हणजेच त्या मुलाने सांगितलेला गाडीचा आख. बोर्डाची किंमत खरे तर या भागाची असते, वरच्या रंगीत दिव्यांची नव्हे.

मग २०११ उजाडले. इंटेलच्या नव्या रचनेत बोर्डाची हलगी इतर सगळ्या गोष्टींशी इतकी बांधली गेली की ती दोन-चार टक्क्यांपलीकडे हलेना. गुणक वाढवायचा तर नावात 'के' असलेला महाग प्रोसेसर घ्या आणि पी६७ किंवा पुढे 'झेड' मालिकेतला महाग बोर्ड घ्या. दोन्ही हवेत. म्हणजे जो मार्ग गरिबाने शोधला होता, त्यावर नाका बसवून टोल सुरू झाला! १४९ डॉलरमध्ये ६६९ चे काम करून घेण्याची कला आता सगळ्यात महाग वस्तूवर आणखी खर्च करण्याची हौस झाली. एएमडीने २०१७ मध्ये रायझन आणले तेव्हा सगळ्याच प्रोसेसरांची कुलुपे उघडी ठेवली आणि बी३५० सारख्या मध्यम बोर्डावरही परवानगी दिली. फक्त तळातल्या ए३२० वर नाही. तेवढा दिलासा. ज्या अबिटने हे दार सामान्यांना उघडून दिले, ती कंपनी मात्र २००८ च्या अखेरीस या धंद्यातून गेली होती.

विक्रमाच्या हौसेबद्दलही सांगायला हवे. प्रोसेसरवर द्रव नायट्रोजन ओतून आकडे गाठतात. उणे १९६ अंश! २०११ मध्ये एएमडीच्या एफएक्स प्रोसेसरने अशाच अतिथंड द्रवांच्या जोरावर ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठले होते. तो व्हिडिओ घरातल्या मुलांनी मोठ्या कौतुकाने दाखवला. मी म्हटले, हे द्रव्य आपल्या जिल्ह्यात गोठ्यागोठ्यात फिरते! गायींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेले वीर्य याच नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवतात. उरुळीकांचनच्या 'बाएफ'चे लोक मोटारसायकलला कॅन बांधून वस्तीवर येतात, हे ज्यांचे गाव दुधाचे त्यांना सांगायला नको.

आज परिस्थिती अशी आहे की प्रोसेसर स्वतःच स्वतःला ओव्हरक्लॉक करतो. थंड असेल, वीज पुरेशी असेल, तर आपणहून वेग चढवतो. कंपनीने ती उरलेली जागा स्वतःच वापरून टाकली, आपल्यासाठी फारसे काही शिल्लक ठेवलेले नाही. त्याचा शेवट २०२४ मध्ये दिसला. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. मूळ कारण जादा व्होल्टेजचे निघाले. शिवाय काही बोर्डांच्या मर्यादेपलीकडच्या सेटिंगांचाही त्या कारणांत उल्लेख होता. इंटेलने ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणजे कंपनीने स्वतःच आपला शिक्का हमीच्या काठावर नेऊन ठेवला की काय होते तेही आपण पाहिले.

तेव्हा आता कोणी घरातले मूल बोर्ड निवडत असेल तर या म्हाताऱ्याच्या चार गोष्टी. चिपसेटला परवानगी आहे का हे आधी बघावे, नसेल तर बाकी चर्चा व्यर्थ. मग व्होल्टेज उतरवणारा भाग बघावा. त्यावर खरा, जड हीटसिंक आहे का आणि तासभर पूर्ण ताण दिल्यावर तो किती तापतो याची चाचणी कोणी केली आहे का. बायोस बिघडला तर प्रोसेसर न बसवताही तो पुन्हा भरता येतो का. आणि शेवटची गोष्ट कोणत्याच खोक्यावर छापलेली नसते. घराचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि यूपीएस घ्यावा. जुन्या वाड्यात राहून महागडा बोर्ड घेणे म्हणजे कुडाच्या घराला सागवानी दरवाजा.

माझ्यापुरते म्हणाल तर या इतिहासातून मला एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. तीनशेचा शिक्का खोटा नव्हता, तो फक्त अपुरा होता. पण पुढचे दीडशे निव्वळ जोर लावून निघाले नाहीत. ठेका देणारा, शेजाऱ्यांची चाल न बिघडवणारा आणि न डगमगता वीज पुरवणारा बोर्ड खाली होता म्हणून निघाले. जेथे तो नव्हता तेथे बिलाचे आकडे चुकले. छत्तीस वर्षे वर्गात उभा राहिलेल्या माणसाला हे वाक्य फक्त प्रोसेसरबद्दलचे आहे असे म्हणवत नाही.

असो. फार लांबले. आपल्यापैकी कोणी त्या काळात टोपी हलवून, पेन्सिल घासून किंवा नेलपॉलिश लावून वेग वाढवला असेल तर जरूर लिहा. आणि ते यंत्र पुढे किती वर्षे चालले, तेही लिहा.